लोणारचे विवर आणि नोंदीची मालकी



बुलढाणा जिल्ह्यात जमिनीविषयी बोलावयाचे आणि लोणारचे नाव घ्यावयाचे नाही, हे व्हावयाचे नाही. विष्णूने लवणासुराला मारले ती ही जागा, असे आपले वाडवडील सांगत आले. अकबराच्या काळच्या ‘ऐन-इ-अकबरी’तही या खाऱ्या पाण्याची दखल आहे. पण हे विवर झाले कसे, हा प्रश्न फार काळ लोंबकळत राहिला. तो कोणी सोडविला यापेक्षा कशामुळे सुटला, ते आज मला सांगावयाचे आहे.

१८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या विवराकडे जगाचे लक्ष वेधले. रुंदी सुमारे १.८ किलोमीटर, खोली दीडशे मीटरांच्या आसपास, आणि चहूकडे काळा पत्थर. दख्खनचे पठार लाव्हारसाचेच. तेव्हा हे ज्वालामुखीचे काम, असा समज झाला. १८९६ साली अमेरिकेतील भूशास्त्रज्ञ गिल्बर्ट हे ॲरिझोनामधील एका विवराचा विचार करीत होते. लोणारचे वर्णन छापलेले होते, म्हणून ते सातासमुद्रापार त्यांच्या हाती पडले. त्यांनी दोन्ही विवरांची तुलना केली आणि ॲरिझोनाचे विवरही वाफेच्या स्फोटाने झाले, असे ठरविले. निर्णय चुकला, पण तुलना कागदावर राहिली. पुढे १९६० च्या सुमारास ॲरिझोनाचे विवर उल्कापाताचेच, हे सिद्ध झाले. मग १९६४ साली लाफॉंड आणि डिएट्झ यांनी तोच धागा उलट ओढला: लोणारही उल्केचेच नसेल काय?

उत्तर तळ्याखाली होते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने तेथे भोके पाडून गाळाखालचा फुटका खडक वर काढला. तो खात्याच्या कोठारात पडून राहिला असता तर दगडच राहिला असता. पण आपल्या खात्याचे दुबे व बालसुंदरम आणि अमेरिकेचे फ्रेडरिक्सन व मिल्टन यांनी तो एकत्र बसून तपासला. त्यात मास्केलिनाइट सापडले. खडकातील खनिज न वितळता, केवळ प्रचंड आघाताने काचेसारखे होते, तेच हे. ज्वालामुखीत असा दाब नसतो. १९७३ साली हा पुरावा जगापुढे आला.

वयाचा वाद त्यानंतरही चालला. १९९७ साली एका पद्धतीने सुमारे ५२,००० वर्षे निघाली. २०११ साली दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५,७०,००० वर्षे. फरक दहापटीहून अधिक! परंतु दोघांनीही मोजमाप कसे केले, ते छापले. म्हणूनच तिसऱ्याला ते पडताळता येते.

आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना हे तत्त्व ओळखीचे आहे. हजेरीपट मालकाच्या कपाटात कुलूपबंद असला, तर कामगाराच्या शब्दाला किंमत राहत नाही. तो टेबलावर आला की निम्मे भांडण तेथेच मिटते. नोंद उघडी असणे म्हणजे कोणावर अविश्वास नव्हे. चूक दुरुस्त करण्याची ती एकमेव सोय आहे.

विवराचे वय चुकले तर कोणाची चूल विझत नाही. पावसाच्या आकड्याचे तसे नाही. महसूल मंडळातील एका केंद्रावर मोजलेला पाऊस अनेक गावांचा पाऊस ठरतो. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांची रेषा ओलांडली की अतिवृष्टी मानावयाची, हा आपल्या राज्यातला दंडक. त्यावर नुकसानभरपाईचा विचार होतो. मेहकरच्या किंवा सिंदखेडराजाच्या सोयाबीनवाल्याच्या शेतात पाणी साचले आणि केंद्रावर सरी कमी पडल्या, तर त्याने काय करावे? निदान तो आकडा त्याला रोजच्या रोज, आपल्या भाषेत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दिसला पाहिजे. केंद्र कोठे आहे आणि ते चालू होते की बंद, हेही दिसले पाहिजे.

लोणारचे कोडे शंभर-दीडशे वर्षांनी सुटले, कारण ज्याच्याजवळ जे होते ते त्याने दुसऱ्यापुढे ठेवले. भूशास्त्रज्ञांना दीडशे वर्षे थांबता आले. शेतकऱ्याला एक हंगामही थांबता येत नाही. आकाशातला पाऊस सर्वांचा आहे. त्याची नोंदही सर्वांची असली पाहिजे, एवढीच माझी मागणी आहे.