दीडशे रुपयांचा चरखा

मागच्या आठवड्यात आमच्या टीममध्ये एक नवीन बिझनेस अ‍ॅनालिस्ट आली. चहाच्या वेळी तिने विचारलं, "मी आधी काय शिकू रे? एसक्यूएल की ते प्रोसेसचे डायग्राम?" मी म्हटलं, "आधी १९२९ सालची एक जाहिरात वाच." तिने माझ्याकडे असं पाहिलं, की याला बहुतेक झोप कमी पडली असावी. असो. जाहिरात चरख्याची आहे, आणि तिची पुढची गोष्ट वर्ध्याला घडते.

तर झालं असं, की १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. त्या काळचे एक लाख! स्पर्धा जगभर खुली होती, म्हणून रक्कम पौंडातही दिलेली: ७,७००. अटी साधारण अशा. यंत्र हलकं हवं, इकडून तिकडे नेता यायला हवं. खेड्यातल्या साध्या घरात हाताने किंवा पायाने चालायला हवं. बाईमाणसाला फार न दमता सलग आठ तास चालवता यायला हवं. त्या आठ तासांत १२ ते २० नंबरचं १६,००० फूट सूत निघायला हवं. किंमत १५० रुपयांच्या आत, आयुष्य २० वर्षं, आणि देखभालीचा वार्षिक खर्च किमतीच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नको.

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा लाजच वाटली. आम्ही रिक्वायरमेंटमध्ये काय लिहितो? 'सिस्टीम फास्ट आणि युजर फ्रेंडली असावी.' (म्हणजे नक्की किती फास्ट आणि कोणाशी फ्रेंडली, हे टेस्टिंगच्या आदल्या रात्री भांडून ठरतं.) इथे प्रत्येक अट मोजता येते. शिवाय वापरणारी व्यक्ती कोण, तिचं घर कसं, तिचा दम किती, हे सगळं त्या अटींत आहे.

बक्षीस मात्र कोणालाच मिळालं नाही. आपल्या किर्लोस्करवाडीहूनही एक यंत्र गेलं होतं, तेही परीक्षेत उतरलं नाही.

आता जरा कॅल्क्युलेटर काढा. १५० चे ५ टक्के म्हणजे साडेसात रुपये, आणि २० वर्षांचे पुन्हा १५०. म्हणजे यंत्र पडलं ३०० ला. कातणाऱ्या बाईला समजा दिवसाला तीन आणे मिळाले, तर नुसत्या १५० रुपयांचे झाले २,४०० आणे, म्हणजे ८०० दिवसांची मजुरी. तेही न जेवता! सूत जास्त निघालं की कमाई वाढेल, संघ हप्त्याने यंत्र देईल, वगैरे मान्य. पण या अटींत किंमत आहे, ती भरणार कोण ते नाही. इतक्या काटेकोर कागदातही ही जागा कोरी राहते.

आता वर्धा. १९३५ मध्ये गांधीजी वर्ध्यात मगनवाडीत राहत होते. जमनालाल बजाजांनी दिलेली ही जागा. जवळच नालवाडीत विनोबा रोज तासन्तास सूत कातून त्याच्याच मजुरीवर जगून पाहत होते. आमच्या भाषेत सांगायचं, तर युजरची मुलाखत न घेता स्वतः युजर होऊन बसले. जाहिरातीतला प्रश्न होता, तिच्या हातून दिवसाला जास्त सूत कसं निघेल? वर्ध्यात आता वेगळाच प्रश्न पुढे आला. आज ती जेवढं कातते, त्याचे तिला इतके कमी पैसे का?

खादीचं काम करणाऱ्या अनेकांना हे पटेना. मजुरी वाढली की खादी महागणार, महागली की खपणार नाही, आणि मग त्याच बायकांचं काम जाणार. हा युक्तिवाद मुळीच मूर्खपणाचा नव्हता. तरीही ऑक्टोबर १९३५ मध्ये चरखा संघाने ठराव केला. आठ तासांच्या चांगल्या कामाची मजुरी निदान इतकी हवी, की त्यात वर्षाचं २० वार कापड आणि शास्त्राने ठरवलेला किमान आहार भागेल. म्हणजे हिशोबाची सुरुवात बाजारातल्या भावापासून न होता ताटापासून झाली.

हे वाचताना मला माझं एक जुनं प्रोजेक्ट आठवतं. एका क्लायंटला बिलांच्या मंजुरीसाठी फास्ट स्क्रीन हवी होती. आम्ही चार महिने राबून दिली. बिलं होती तिथेच. स्क्रीनवर बसणाऱ्या क्लार्कला मंजुरीचा अधिकारच नव्हता, साहेब आठवड्यातून एकदा यायचे. त्या क्लार्कशी आमच्यापैकी कोणीही बोललं नव्हतं, मीही नाही. बोलणी त्याने खाल्ली.

मगनवाडीतच जे. सी. कुमारप्पा होते. पेशाने हिशोबनीस, शिक्षण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, आणि डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचा सगळा कारभार त्यांच्याकडे. तिथे 'मगनदीप' नावाचा कंदील तयार झाला. तो रॉकेलवर नाही, खाद्यतेलासारख्या वनस्पती तेलावर जळायचा. उजेड किती, एवढंच विचारलं असतं तर रॉकेलचा कंदील चालला असता. कुमारप्पांचा प्रश्न असायचा, तेलाचे पैसे गावात राहतात की बाहेर जातात? डिसेंबर १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं. वर्ध्याला गेलात तर सेवाग्राम बघून परत फिरू नका, इथेही जा.

बरीच वर्षं गेल्यावर, १९५० च्या दशकात, अनेक चात्यांचा अंबर चरखा पुढे आला. सरकारने त्यासाठी चौकशी समिती वगैरे नेमली. ती वेगळी गोष्ट, पुन्हा कधीतरी.

सोमवारी ती मुलगी माझ्या डेस्कपाशी आली. अटींची प्रिंट काढलेली, एका ओळीखाली पेनाने रेघ. म्हणाली, "सलग आठ तास ती कातत बसणार, मग पाणी भरायला आणि स्वयंपाकाला कोण होतं?"

मी ती जाहिरात पाच-सहा वेळा तरी वाचली असेल. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.