हेन्री लन: इंग्रजांना बर्फाच्या सहलीला नेणारा पाद्री

युरोप टूरला गेलेल्या ओळखीतल्या कुणाचे तरी युंगफ्राऊचे फोटो तुम्ही नक्कीच पाहिले असतील. त्या डोंगराकडे जाताना ग्रिंडेलवाल्ड नावाचं एक गाव लागतं. आज तिथे बाराही महिने पर्यटकांची गर्दी असते. पण सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी आल्प्समधल्या अशा बहुतेक गावांत उन्हाळा संपला की हॉटेलांना कुलूप लागायचं. थंडीत, बर्फात कोण कशाला येईल?

हे चित्र बदलण्यात ज्यांचा मोठा हात होता, त्यांपैकी एक म्हणजे सर हेन्री लन. गंमत म्हणजे हा माणूस मुळात व्यापारी नव्हता, तो पाद्री होता. भारतात मिशनरी म्हणून काम करून परतला होता. आणि त्याने पहिली मोठी सहल काढली ती पैशासाठी नाही, तर ख्रिस्ती पंथांमधलं भांडण मिटवण्यासाठी!

सुरुवात कुठून झाली?

हेन्री सिम्पसन लन यांचा जन्म 1859 मध्ये इंग्लंडच्या लिंकनशायरमधल्या हॉर्नकॅसल या गावी झाला. घराणं मेथडिस्ट पंथाचं. मेथडिस्ट हा प्रॉटेस्टंट ख्रिश्चनांमधला एक पंथ. अठराव्या शतकात जॉन वेस्ली यांच्या प्रचारातून तो उभा राहिला आणि कष्टकरी वर्गात त्याचा मोठा प्रसार झाला.

लन यांनी धर्मशिक्षण घेतलं, शिवाय डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात वैद्यकीय शिक्षणही पूर्ण केलं. पाद्री आणि डॉक्टर असा दुहेरी माणूस मिशनला हवाच होता. 1887 मध्ये ते वैद्यकीय मिशनरी म्हणून पत्नीसह मद्रास प्रांतात दाखल झाले. त्यांचा थोरला मुलगा अर्नोल्ड याचा जन्म 1888 मध्ये मद्रासमध्येच झाला. हे नाव लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

भारतात काय खटकलं?

भारतातलं वास्तव्य फार टिकलं नाही. तब्येतीने साथ दिली नाही आणि वर्षभरातच लन इंग्लंडला परतले. पण येताना मनात एक प्रश्न घेऊन आले.

गोरगरिबांमध्ये धर्म सांगायला आलेले मिशनरी राहतात कसे? तर मोठ्या बंगल्यात, नोकरचाकर ठेवून, साहेबी थाटात. ज्या लोकांसाठी आपण आलो, त्यांच्यात आणि आपल्यात एवढं अंतर असेल तर ते आपलं का ऐकतील? मिशनचा पैसा उच्चवर्णीयांच्या इंग्रजी शिक्षणावर खर्च करण्यापेक्षा गरिबांमध्ये जाऊन काम करण्यावर का होऊ नये?

1889 मध्ये हे सगळं 'मेथडिस्ट टाइम्स' या साप्ताहिकातून छापून आलं आणि एकच खळबळ उडाली. भारतातले मिशनरी चिडले. आमची बदनामी झाली, चौकशी करा, अशी त्यांनी मागणी केली. 1890 मध्ये चौकशी समितीने मिशनऱ्यांच्या बाजूने कौल दिला. त्यांच्यावरचे आरोप टिकत नाहीत, असा तो निष्कर्ष होता.

आपल्याच संस्थेच्या घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणणाऱ्या माणसाचं जे होतं, तेच लन यांचं झालं. मिशनचे दरवाजे जवळपास बंद झाले आणि पुढच्या काही वर्षांत त्यांनी मेथडिस्ट पाद्रीपदही सोडलं.

मग सहलींचा धंदा कसा सुरू झाला?

या वादानंतर लन दुसऱ्या कामाला लागले. चर्च ऑफ इंग्लंड, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट अशा वेगवेगळ्या पंथांना एकत्र आणायचं, हे ते काम. त्यासाठी त्यांनी 'रिव्ह्यू ऑफ द चर्चेस' नावाचं मासिक काढलं.

पण एकमेकांच्या चर्चची पायरीही न चढणारे हे धर्मगुरू एका खोलीत बसणार कसे? लन यांनी त्यावर साधा उपाय शोधला. सगळ्यांना घरापासून लांब, तटस्थ आणि सुंदर जागी न्यायचं. सकाळी चर्चा, दुपारी डोंगरात भटकंती आणि रात्री एकाच टेबलावर जेवण. जागा ठरली ग्रिंडेलवाल्ड आणि वर्ष होतं 1892.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ग्रिंडेलवाल्डला भीषण आग लागली आणि गावाचा मोठा भाग जळाला. तरी परिषदा थांबल्या नाहीत, पुढची काही वर्षं त्या स्वित्झर्लंडमध्येच भरत राहिल्या.

पंथ एकत्र आले का? नाही. पण दरम्यान लन यांच्या हाती वेगळंच गुपित लागलं. एवढ्या लोकांना नेायचं तर रेल्वेची तिकिटं घाऊक घ्यावी लागत आणि हॉटेलच्या खोल्या आधीच ठरवाव्या लागत. असं केलं की माणशी खर्च बराच कमी येई. प्रवास, राहणं, जेवण सगळं धरून एकच रक्कम सांगता येई आणि आयोजकाच्या हातातही चार पैसे उरत. आजच्या पॅकेज टूरचं गणित हेच आहे.

अर्थात, ही कल्पना लन यांची एकट्याची नव्हती. त्यांच्या पन्नास वर्षं आधी, 1841 मध्ये, थॉमस कुक यांनी लेस्टर ते लफबरो अशी रेल्वे सहल काढली होती. तीही दारूबंदीच्या सभेसाठी, आणि कुक स्वतः बॅप्टिस्ट प्रचारक होते. म्हणजे आधुनिक पर्यटनाच्या मुळाशी देवाधर्माची माणसं एकदा नाही, दोनदा सापडतात.

लन यांचं वेगळेपण कशात?

कुक यांनी सर्वसामान्य माणसाला प्रवास घडवला. लन यांनी त्यात दोन गोष्टींची भर घातली.

*पहिली गोष्ट, शिकवणारी सहल.* रोम, ग्रीस, भूमध्य समुद्राचा किनारा अशा ठिकाणी ते सोबत विद्वान व्याख्याते नेत. 1906 मध्ये त्यांनी 'हेलेनिक ट्रॅव्हलर्स क्लब' काढला. ग्रीक इतिहासाची आवड असलेल्यांसाठी तो होता. जहाजावर व्याख्यान ऐकायचं आणि मग उतरून ते अवशेष प्रत्यक्ष बघायचे.

*दुसरी गोष्ट, हिवाळा.* विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी 'पब्लिक स्कूल्स अल्पाइन स्पोर्ट्स क्लब' स्थापन केला. इथे 'पब्लिक स्कूल' म्हणजे सरकारी शाळा नव्हे. इंग्लंडमध्ये हा शब्द ईटन, हॅरो अशा महागड्या खासगी शाळांसाठी वापरतात. अशा शाळांत किंवा विद्यापीठांत शिकलेल्यांनाच सभासदत्व मिळे. क्लब हिवाळ्यात बंद असणारी हॉटेलं अख्खीच्या अख्खी घेई. आडेलबोडेन, माँटाना आणि म्युरेन या गावांत हिवाळी पर्यटन रुजण्यात या क्लबचा मोठा वाटा आहे. 1910-11 च्या हिवाळ्यात म्युरेनची डोंगरी रेल्वे सुरू ठेवायलाही लन यांनीच भाग पाडलं.

क्लब कशासाठी? कारण उच्चभ्रू इंग्रजाला 'टुरिस्ट' म्हणवून घेणं कमीपणाचं वाटे. क्लबचा सभासद म्हणून गेलं की तोच माणूस खुशीत पैसे मोजे. लन यांनी ही नस अचूक ओळखली.

आणि इथेच त्यांच्या आयुष्यातला मोठा विरोधाभास दिसतो. मिशनरी आपल्या वर्गाची भिंत ओलांडत नाहीत म्हणून ज्याने स्वतःची कारकीर्द पणाला लावली, त्याच माणसाचा धंदा तशाच एका भिंतीवर उभा राहिला.

मद्रासमध्ये जन्मलेला मुलगा

अर्नोल्ड लन वडिलांच्या या सहलींमुळेच स्कीइंग शिकला. 1922 मध्ये म्युरेनला त्याने आधुनिक स्लॅलम शर्यत घेतली. रोवलेल्या झेंड्यांच्या जोड्यांमधून वळणं घेत कमीत कमी वेळात खाली यायचं, अशी ही स्पर्धा. स्लॅलम आणि डाउनहिल यांना जागतिक मान्यता मिळावी म्हणून त्याने वर्षानुवर्षं झगडा दिला. अखेर 1936 मध्ये अल्पाइन स्कीइंग ऑलिंपिकमध्ये आलं. बर्फावरच्या या खेळाचे नियम घडवणारा माणूस उकाड्याच्या मद्रासमध्ये जन्मला होता!

पुढे काय झालं?

हेन्री लन यांना 1910 मध्ये 'सर' हा किताब मिळाला. धंदा वाढला तरी चर्च एकत्र आणण्याचं वेड त्यांनी सोडलं नाही. पहिल्या महायुद्धानंतर ते राष्ट्रसंघाचे समर्थक होते. 1939 मध्ये, दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या काही महिने आधी, त्यांचं निधन झालं.

1960 च्या दशकात त्यांची कंपनी 'पॉलिटेक्निक टूरिंग असोसिएशन'शी जोडली गेली आणि 'लन पॉली' हे नाव तयार झालं. पुढे ही ब्रिटनमधल्या सर्वांत मोठ्या ट्रॅव्हल एजन्सींपैकी एक ठरली. 2000 नंतरच्या दशकात ते नाव दुकानांच्या पाट्यांवरून उतरलं.

ज्या कामासाठी लन यांनी लोकांना ग्रिंडेलवाल्डला नेलं, ते पंथांचं ऐक्य त्यांच्या हयातीत झालं नाही. पण तिथे हिवाळ्यात जाण्याची सवय मात्र लोकांना कायमची लागली.