गावाचे नाव आणि कुळाचा ठाव

आपल्याकडे कुळाचा शोध घ्यावयाचा झाला म्हणजे लोक त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या धुंडाळतात. परंतु ज्यांस तीर्थोपाध्याय नाहीत, ज्यांचे आद्य पूर्वज समुद्रापलीकडून आले आणि ज्यांचे बहुतेक आप्तही आज समुद्रापलीकडेच आहेत, त्या बेने इस्राएल कुटुंबांनी आपला वंश कोठे शोधावा? शहाडहून लोकलने ठाण्यास जाणाऱ्या वाचकास हा प्रश्न दूरचा नाही. ठाण्यात १८७९ साली उभारलेले ‘शाआर हाशामाईम’, म्हणजे स्वर्गद्वार, हे या समाजाचे प्रार्थनामंदिर आजही नांदते आहे.

समाजाची परंपरा अशी की, अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले व त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. धर्मग्रंथ समुद्रात गेले; उरले ते शब्बाथाचे पालन, सुंता, काही आहारनियम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना. त्यांनी तेलाचे घाणे चालविले. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. या कथेस समकालीन लेखी आधार नाही. मात्र २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनात या समाजाच्या रक्तात मध्यपूर्वेतील यहुदी आणि भारतीय असे दोन्ही वंशांश आढळले.

कागद नसले तरी नावे होती. पेणचे ते पेणकर, किहीमचे केहिमकर, रोह्याचे रोहेकर, नवगावचे नवगावकर. परंतु केवळ आडनावावरून जात ठरत नाही. दिवेकर हिंदूंतही आहेत. येथे व्यक्तिनाम साक्षीस येते. शमुवेलचा सामाजी झाला, यहेज्केलचा हसाजी, बन्यामीनचा बनाजी. नावाने धर्म सांगावा आणि आडनावाने गाव, अशी ही दुहेरी वंशावळ होय. टिपूच्या कैदेतून सुटून आलेले कंपनीच्या फौजेतील सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. त्या एका नावातच तीन गोष्टी आहेत: स्वतःचे नाव, पित्याचे नाव आणि सोडलेले गाव.

हैम सॅम्युअल केहिमकर यांनी समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला. तो ग्रंथ छापला गेला १९३७ साली, तोही तेल अवीव येथे. पुढे समाजही त्याच वाटेने गेला. १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर हजारो कुटुंबे कोकण, मुंबई, ठाणे सोडून निघाली आणि दिमोना, अश्दोद, लोद अशा गावी वसली.

तेथे मात्र कुळाच्या अभिमानाची जागा कुळाच्या परीक्षेने घेतली. १९६२ साली प्रमुख धर्मगुरूंनी असे फर्मान काढले की, या समाजातील वधूवरांचा अन्य यहुद्यांशी विवाह लावण्यापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी व्हावी. ज्यांनी शतकानुशतके कोणी विचारणारा नसताना शनिवार पाळला, त्यांनाच आता आजी-पणजीचा दाखला मागण्यात आला! समाजाने जेरुसलेमेत निदर्शने केली. ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील संसदेने बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदीच आहेत असा निर्वाळा दिला आणि त्यांचा खास उल्लेख त्या आदेशातून वगळण्यात आला.

यातून इतिहासाच्या अभ्यासकाने घ्यावयाचा बोध असा की, वंश हा केवळ दप्तरात नसतो. तो आचारात आणि शेजाऱ्यांच्या स्मृतीतही असतो. घाणा बंद आहे म्हणजे आज शनिवार, हे ज्या कोकणी शेजाऱ्यास ठाऊक होते, त्याची साक्ष कोणत्याही दाखल्याहून हलकी मानता येत नाही. आणि आज दिमोनातील एखाद्या दारावर ‘पेणकर’ हे नाव दिसले, तर त्या घराच्या वंशवृक्षाची एक मुळी भोगावतीच्या काठी आहे, हे ओळखण्यास आपल्यास दुसऱ्या पुराव्याची गरज पडू नये.