फियाटच्या खोडी

यंत्राचा इतिहास लिहावयाचा म्हणजे तें कोणीं केलें, कोणत्या सालीं केलें, त्याची शक्ति किती आणि किंमत किती, एवढें सांगितलें कीं काम झालें, अशी आपल्याकडे समजूत आहे. कारखानदारांच्या चरित्रांत व कंपन्यांच्या अहवालांत एवढेंच सांपडतें. परंतु ज्यांनीं तें यंत्र वीस वीस वर्षें वापरलें त्यांच्या लेखीं त्याचा इतिहास निराळाच असतो. तें कोणत्या ऋतूंत रुसे, कोणत्या चढावर दमे, त्याचें दार कोणत्या युक्तीनें लागे, हा तो इतिहास होय. आणि तो बहुधा कोणी लिहून ठेवीत नाहीं. मुंबईंत कुर्ल्यास तयार होणाऱ्या, प्रथम फियाट व पुढें प्रीमियर पद्मिनी या नांवानें ओळखल्या गेलेल्या छोट्या मोटारीविषयीं तो थोडाबहुत लिहून ठेवण्याची वेळ आतां आली आहे. तिच्या खोडी जाणणारी पिढी म्हातारी झाली, आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर ती टॅक्सी म्हणूनहि दिसेनाशी झाली.

या गाडीच्या जन्माची हकीकत थोडक्यांत सांगतों. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं आगबोटी, विमानें आणि मोटारी हे तीनहि उद्योग स्वदेशी असावेत असा ध्यास घेतला होता. त्यांपैकीं मोटारींसाठीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली आणि १९४७ सालीं कुर्ल्याच्या कारखान्यांतून पहिली गाडी बाहेर पडली. ती अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्यानें जुळविलेली, अंगानें मोठी व पेट्रोलला हावरी होती. मध्यम स्थितीच्या माणसाला पेलेल अशी गाडी हवी, म्हणून पन्नाशीच्या आरंभीं इटलीच्या फियाट कंपनीशीं करार झाला. पुढें १९५३ सालीं टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारनें असें ठरविलें कीं, ज्यांचा गाडी क्रमाक्रमानें येथेंच बनविण्याचा बेत नसेल त्यांनीं सुटे भाग आणून जुळविण्याचा धंदा बंद करावा. मुंबईंत १९२८ पासून गाड्या जुळविणारी जनरल मोटर्स त्यामुळें निघून गेली. वालचंद त्याच १९५३ सालीं निवर्तले. परंतु मैदान मोकळें झालें तें त्यांच्या कारखान्याला आणि आणखी एक-दोघांना. हें मोकळें मैदानच पुढें या गाडीच्या गुणदोषांचें मोठें कारण झालें.

फियाट अकराशें ही गाडी १९५३ च्या मार्चमध्यें जिनिव्हाच्या प्रदर्शनांत प्रथम मांडली गेली, आणि १९५४ सालीं ती येथें बनूं लागली. म्हणजे आरंभीं तरी आपणांस मिळालेली वस्तु शिळी नव्हती. १०८९ घनसेंटिमीटरचें चार नळकांड्यांचें इंजिन, निराळ्या सांगाड्यावांचून एकसंध बांधलेलें अंग, आणि चार माणसें नीट, पांच माणसें दाटीनें बसतील एवढी जागा. पहिल्या गोल नाकाच्या गाडीला लोकांनीं ‘डुक्कर फियाट’ म्हटलें. या नांवांत तिरस्कार नव्हता. ठेंगणी, गुबगुबीत आणि वाट काढीत जाणारी वस्तु दिसली कीं मुंबईकराच्या तोंडीं जी उपमा येईल ती आली, इतकेंच. १९६४ च्या सुमारास तिचें रूप पालटून ती कोनदार झाली व ‘डिलाइट’ म्हणून खपली. सत्तरीच्या आरंभीं इटालियन कंपनीशीं असलेला करार संपल्यावर ती ‘प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’. नांवें बदललीं, पण गाडी घेणाऱ्याला आणि दुरुस्त करणाऱ्याला ती अखेरपर्यंत फियाटच राहिली.

आतां खोडींकडे वळूं. पहिली खोड दारांची. सुरुवातीच्या गाड्यांचीं पुढचीं दारें मधल्या खांबाला बिजागऱ्यांनीं जोडलेलीं असत, म्हणजे तीं उलटीं उघडत. नऊवारी लुगडें नेसलेल्या बाईला किंवा गुडघे धरलेल्या म्हाताऱ्याला अशा दारानें बसणें-उतरणें फार सोयीचें. पण कुलपाची जीभ झिजली आणि गाडी चालू असतां दार सुटलें, तर समोरचा वारा तें लावण्याऐवजीं सताड उघडून टाकी. म्हणून जाणते लोक दार लावल्यावर तें आंतून एकदां ओढून पाहत, आणि लहान मुलाला दाराकडे बसूं देत नसत. पुढें बिजागऱ्या नेहमींच्या जागीं आल्या. परंतु दार एका ढकलण्यांत न लागण्याची संवय काहीं गेली नाहीं. हलकें ढकललें तर तें अर्धवट लागे. जोरानें आपटावें तरच नीट बसे.

दुसरी खोड गिअरची. गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबाला बसविलेला असल्यामुळें पुढच्या सलग बाकावर तिसरें माणूस बसूं शके, आणि मोठ्या कुटुंबाच्या आपल्या देशांत या सोयीची किंमत कमी लेखण्याचें कारण नाहीं. परंतु सुकाणूपासून खालच्या गिअरपेटीपर्यंत ती हालचाल पोंचवावयाची तर मध्यें सळया आणि सांधे आलेच. त्या सांध्यांतले बुश झिजले म्हणजे दांड्यांत ढिलेपणा येई, आणि एखाद्या दिवशीं ऐन चौकांत दोन गिअरांच्या मध्यें सारें अडकून बसे. अशा वेळीं चालक खालीं उतरून झांकण उघडी, हातानें सळई जागेवर सारी आणि कांहींच झालें नाहीं अशा मुद्रेनें पुन्हां येऊन बसे. मागचे भोंगे वाजवीत राहत. शिवाय पहिला गिअर गाडी पुरती थांबल्यावांचून सुखानें पडत नसे. घाई केली कीं दातांचा करकर आवाज होई. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांचे डावे हात या कामांत इतके मुरले होते कीं, दांडा केव्हां हलला हें उतारूला कळूंहि नये. तोच दांडा नव्या माणसाच्या हातीं दिला तर तो हट्टी बैलासारखा उभा राही.

तिसरें प्रकरण ऋतूंचें. वैशाखांत पेट्रोल इंजिनापर्यंत पोंचण्यापूर्वींच नळींत व पंपांत त्याची वाफ होई. पंप पातळ पदार्थ ढकलावयासाठीं केलेला. वाफ त्याला ढकलतां येत नाहीं. मग गाडी दोन आचके देऊन बंद पडे. उपाय एकच, आणि तो कोणत्याहि कारखान्यानें पुस्तकांत सांगितलेला नव्हता: ओलें फडकें पंपाभोंवतीं गुंडाळावयाचें व दहा मिनिटें झाडाखालीं उभें राहावयाचें. कित्येक घरांत उन्हाळ्याच्या प्रवासाला निघतांना पाण्याच्या बाटलीबरोबर हें फडकेंहि आठवणीनें घेतलें जाई. पावसाळ्यांत याच्या उलट. इंजिनांतील ठिणगीची वांटणी करणारा जो भाग असतो, त्याच्या टोपणाच्या आंत दमट हवेनें दंव धरे आणि ठिणगी भलतीकडे जाई. सकाळीं टोपण काढून कोरड्या कापडानें पुसणें हें कित्येक गृहस्थांचें देवपूजेआधींचें कर्म होऊन बसलें होतें. चोकची मूठ किती ओढावयाची व केव्हां परत सारावयाची, याचें प्रमाण तर प्रत्येक गाडीचें निराळें. ती थोडी ओढली तर इंजिन धरत नसे. फार ओढली तर पेट्रोलानें गुदमरून जाई, आणि साऱ्या आळीला वास येई.

आणि घाट! द्रुतगति मार्ग होण्यापूर्वीं मुंबईहून पुण्यास जाणाऱ्या फियाटची खरी परीक्षा बोरघाटांत होई. मालमोटारींच्या मागें खालच्या गिअरमध्यें मुंगीच्या पावलानें चढावयाचें. इंजिन तापे, पण गाडीला वेग नसल्यामुळें पुढून वारा मिळत नसे. पाणी उकळूं लागलें कीं गाडी कडेला घेणें भाग. तेथें पहिला नियम हा कीं, झांकण लगेच उघडावयाचें नाहीं. नाहीं तर उकळत्या पाण्याचें कारंजें हातातोंडावर उडे. दुसरा नियम असा कीं, थंड पाणी ओततांना इंजिन चालू ठेवून तें हळूहळू ओतावयाचें, कारण तापलेलें लोखंड एकदम निवलें तर त्याला तडा जातो. हे नियम मुलें बापाकडून शिकत. ज्या मुलांनीं उष्णतेचा धडा शाळेंत मागाहून वाचला, त्यांनीं तो आधीं खंडाळ्यास रस्त्याच्या कडेला पाहिलेला असे.

या साऱ्या खोडींत सरसकट गाडीलाच दोष देणें न्यायाचें नाहीं. कांहीं दोष रचनेंतच होते. इटलीच्या हवेसाठीं योजिलेलें थंड करण्याचें साधन चाळीस अंशांच्या उन्हांत अपुरें पडावें यांत नवल नाहीं. कांहीं आमच्या रस्त्यांनीं व आमच्या लोभानें लादलेले होते. पांचांच्या जागीं आठ बसवून वर टपावर बिछाने बांधल्यावर मागच्या कमानींनीं काय करावें? परंतु तिसऱ्या जातीचे दोष निव्वळ हलगर्जीपणाचे होते. न बसणारें दार, गळणारी रबरी पट्टी, दुसऱ्याच पावसाळ्यांत गंजणारा पत्रा, हीं कांहीं इटलीहून आलेलीं नव्हतीं. साठीच्या दशकाच्या उत्तरार्धांत देशी मोटारींच्या दर्जाविषयीं इतकी ओरड झाली कीं, केंद्र सरकारला त्याच्या चौकशीसाठीं समिति नेमावी लागली. कारखानदारांचें म्हणणें असें कीं, सरकारनें किमती बांधून दिल्यावर सुधारणेला पैसा आणावयाचा कोठून? १९६९ सालीं सरकारनें ठरविलेल्या किमतींचा हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या म्हणण्यांत तथ्य मुळींच नव्हतें असें नाहीं. पण नवी गाडी नोंदविल्यावर वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे, आणि ती हातीं येतांच जुनी होण्यापूर्वीं तिला दिलेल्या किमतीहून अधिक मोल येई. घेणारा दारांत रांग लावून उभा असतां दार नीट बसतें कीं नाहीं याची फिकीर करण्याचें कारखान्याला कारण उरलें नव्हतें, हेंच खरें.

इटलींत या अकराशेंचा वंश १९६९ सालीं संपला व तिची जागा पुढच्या चाकांना गति देणाऱ्या अगदीं निराळ्या गाडीनें घेतली. आपल्याकडे ती त्यानंतर सुमारें तीस वर्षें बनत राहिली. एवढ्या अवधींत मोठे बदल हाताच्या बोटांवर मोजण्याइतके; गिअरचा दांडा खालीं जमिनीवर आला तोहि अखेरच्या वर्षांतील नमुन्यांत.

तरी या थांबलेल्या काळाचें एक फळ असें आलें, जें कोणाच्याहि योजनेंत नव्हतें. गाडी बदलत नसल्यामुळें तिच्याविषयींचें ज्ञान सांचत गेलें. गल्लीच्या तोंडाशीं पत्र्याच्या आडोशाला बसणाऱ्या मिस्त्रीनें वीस वर्षें एकच इंजिन उघडलेलें असे. आवाज ऐकून तो व्हॉल्व्ह सैल आहे कीं ठिणगीची वेळ मागें पडली आहे हें सांगे. पोस्टकार्डाचा कागद मधें धरून तो कॉन्टॅक्टमधलें अंतर लावी, साबणाच्या वडीनें पेट्रोलच्या टाकीची चीर तात्पुरती बुजवी. सुट्या भागासाठीं कुर्ल्याच्याच रस्त्यावरील जुन्या सामानाचा बाजार असे. ज्या कुर्ल्यांत गाडी जन्मली तेथेंच तिचे अवयव पुन्हां विकावयास मांडलेले असत. या विद्येला शाळा नव्हती, प्रमाणपत्र नव्हतें. दहा-बारा वर्षांचें पोर पाने पुसण्यापासून सुरुवात करी आणि मार खात शिकून विशीच्या आंत उस्ताद होई. आज ज्यांना त्या दिवसांविषयीं गहिवर येतो त्यांनीं या पोराचें बालपणहि हिशेबांत धरावें, अशी आमची विनंति आहे. गाडीच्या दोषांतून जी माया उपजली म्हणतात तिचा खर्च मालकानें वेळेनें दिला, टॅक्सीवाल्यानें बुडालेल्या मजुरीनें दिला, आणि त्या पोरानें शाळेनें दिला.

१९८३ च्या डिसेंबरांत मारुतीची आठशें घनसेंटिमीटरची गाडी बाजारांत आली. ती सकाळीं चावी फिरवितांच चालू होई, एवढ्या एका गोष्टीचें लोकांस केवढें कौतुक वाटलें! जी गोष्ट यंत्राचा साधा धर्म ती त्याचा अलौकिक गुण वाटावी, यावरून मागची तीस वर्षें कशीं गेलीं तें कळावें. घरगुती गिऱ्हाईक हळूहळू तिकडे वळलें. मुंबईच्या टॅक्सीवाल्यानें मात्र फियाट सोडली नाहीं, कारण त्याचा हिशेब निराळा होता. तिचा पत्रा जाड, भाग स्वस्त, मिस्त्री हांकेच्या अंतरावर. आणि बिघडली तरी ती कोठें बिघडली हें त्याला स्वतःला कळे. पुढें नैसर्गिक वायूची टाकी आली तिनें मागचा सामानाचा कप्पा अडविला, तेव्हां सामान टपावर चढलें. काळ्या-पिवळ्या रंगाखालीं गंज लपवीत ती आणखी कितीएक वर्षें धांवली.

शतक सरतांना कारखान्यांतील उत्पादन आटोपलें. सरकारनें २००८ सालीं टॅक्सीच्या आयुष्याची मर्यादा पंचवीस वर्षें ठरविली व २०१३ सालीं ती वीसवर आणली. त्या हिशेबानें २००३ च्या ऑक्टोबरांत नोंदलेल्या अखेरच्या पद्मिनीची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरांत भरली. कुर्ल्याच्या बाजारांत तिचे भाग अजून शोधले तर मिळतात. पण ते घेणारे आतां बहुतेक हौशी संग्राहक असतात, आणि ते मिस्त्रीकडून कामचलाऊ इलाज नव्हे, तर मूळचा इटालियन नमुना हुबेहूब मागतात. टॅक्सींत बसणारे जुने उतारू मात्र अद्यापि संवयीनें दार जोरानें आपटतात, आणि नव्या गाडीचा चालक मान वळवून त्यांच्याकडे रागानें पाहतो.