चिमट्यातलं तेल

फटफटीचा विषय निघाला की माणसं इंजिनापासून सुरुवात करतात. किती सीसीची, आवाज कसा, लिटरला किती जाते. मी आज पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या नळ्यांविषयी बोलणार आहे. आपल्याकडचे मिस्त्री त्यांना चिमटा म्हणतात, कुणी शॉकअप म्हणतात. त्या नळ्यांच्या आत थोडंसं तेल असतं. ते तिथं कसं आलं आणि किती असावं, एवढाच विषय. पण आपल्या यवतमाळ जिल्ह्यात तो वाटतो तितका किरकोळ नाही.

त्याचं कारण इथली जमीन. कापसाची काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावरचा रस्ता तिच्याबरोबर वरखाली होतो. त्यात बैलबंड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या. बंडीला स्प्रिंग नसते, पण तिला घाईही नसते. रेल्वे म्हणाल तर यवतमाळ-मूर्तिजापूर ही सुमारे ११३ किलोमीटरची नॅरोगेज, आपली शकुंतला. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर धावली. धावली हा शब्द प्रेमापोटी वापरतो आहे. पुसद, उमरखेड, आर्णी, घाटंजी या बाजूंना रोज फिरणाऱ्या माणसाला तिचा उपयोग नव्हता. एसटीची वाट पाहणं ज्यांना परवडत नसे, ते ग्रामसेवक, व्यापारी, डॉक्टर, बागायतदार फटफटीकडे वळले. आणि फटफटीची या मातीशी पहिली गाठ पडली ती पुढच्या चाकाची.

अगदी सुरुवातीच्या मोटारसायकलींना सायकलसारखा ताठ चिमटा असे. पुढे गर्डर चिमटा आला. त्यात हँडलच्या पुढं एक स्प्रिंग आणि सांध्यांवर घर्षणाच्या चकत्या असत. एक मूठ पिळून त्या चकत्या कमी-जास्त आवळायच्या. स्प्रिंग एकदा दबली की उसळत राहते, तिला आवरायला या चकत्या. अडचण अशी की कोरडं घर्षण हळू हालचालीला आणि जोराच्या धक्क्याला जवळपास सारखाच विरोध करतं. त्यामुळे लहान खड्ड्यावर चिमटा हलतच नाही आणि मोठ्या खड्ड्यावर आवरत नाही. शिवाय चकत्यांत धूळ जाते, ते वेगळंच.

१९३५ साली जर्मनीच्या बीएमडब्ल्यूनं आर १२ आणि आर १७ या गाड्यांना एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा, आत तेल असलेला चिमटा दिला. तेल बारीक भोकांतून ढकललं जातं. हळू ढकललं तर सहज जातं, जोरात ढकललं तर अडून बसतं. म्हणजे धक्का जेवढा वेगाचा, विरोध तेवढा जास्त. चकत्यांना जे जमत नव्हतं ते या थोड्याशा तेलानं केलं. १९४१ मध्ये ब्रिटिश सैन्याच्या मॅचलेस जी३/एल गाडीवर असाच चिमटा आला. युद्ध संपताच १९४६ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या जावा कंपनीनं पेराक ही गाडी बाजारात आणली. तिची आखणी जर्मनांच्या ताब्यात असलेल्या देशात, गुपचूप झाली होती.

आपल्याकडे हे तेल दोन वाटांनी आलं. १९५४ मध्ये भारतीय सैन्यानं सीमेवरच्या गस्तीसाठी ८०० बुलेट मागवल्या आणि १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली. दुसरी वाट म्हैसूरची. तिथल्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून जावा निघू लागल्या. १९७३ पासून त्याच गाड्यांवर येझदी हे नाव आलं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. तिसरी लोकप्रिय गाडी राजदूत. ती पोलंडच्या एसएचएल एम११ वरून बेतलेली. त्या गाडीचा पुढचा भाग झोक्यासारखा हलणारा होता. सरकत्या नळ्यांचा चिमटा राजदूतला नंतर मिळाला.

कारखाने म्हैसूर-मद्रासला, पण तेल बदलायचं आर्णीत किंवा पांढरकवड्यात. कंपनीचं पुस्तक इंग्रजीत, आणि तेही गाडीबरोबर आलेलं, आता कुठं गेलं कुणास ठाऊक. पुस्तकात बहुधा एवढंच असे, की प्रत्येक नळीत इतके मिलिलिटर तेल घाला. मिस्त्री औषधाच्या बाटलीवरच्या खुणांनी ते मोजत. यात त्यांचं काही चुकत नव्हतं. पण माप आणि पातळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या विषयाचं सगळं मर्म त्यातच आहे.

खालचा स्क्रू काढून तेल निथळलं तरी सगळं बाहेर येत नाही. भिंतींना, झडपेत, तळाच्या खाचेत काही उरतंच. त्यावर पुस्तकातलं पूर्ण माप ओतलं की तेल जास्त होतं. किती जास्त? नळीचा आतला व्यास ३० मिलिमीटर धरा. मग १० मिलिलिटर तेलानं पातळी १४ मिलिमीटर चढते. दोन चमचे तेल म्हणजे बोटाची रुंदी.

ही बोटभर पातळी एवढी महत्त्वाची का? तेलाच्या वर हवा असते म्हणून. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवत असताना बॉइलच्या नियमाला हेच उदाहरण देत असे. पोरांना पंपापेक्षा फटफटी जवळची वाटायची. चिमटा मोकळा असताना वर २४ सेंटिमीटर हवा आहे आणि चिमटा १२ सेंटिमीटर दबतो असं समजा. हवा निम्म्या जागेत आली, दाब दुप्पट झाला. आता तेल ४ सेंटिमीटर जास्त भरा. २० ची हवा ८ मध्ये आली, दाब अडीचपट. म्हणजे ती हवाच दुसरी स्प्रिंग होते. तेल फार झालं तर चिमटा दगडासारखा होतो आणि ऑइल सील फाटून तेल पुढच्या ब्रेकवर उतरतं. कमी झालं तर झडप हवा ओढते, तेलाला फेस येतो, आणि चाक चाकोरीत उतरलं की चिमटा तळाला आपटतो. मागच्या सीटवर बायको आणि टाकीवर पोर बसलेलं असताना, आर्णी रोडवरच्या एखाद्या वळणावर, हा फरक कागदावरचा राहत नाही.

म्हणून जाणकार पातळी मोजतात. नळी धुऊन कोरडी करायची. स्प्रिंग बाहेर काढायची, कारण ती आत असली की तिच्या जागेइतकं तेल वर चढतं. पुस्तकातलं माप ओतायचं, नळी उभी धरून वीसेक वेळा सावकाश वरखाली करायची म्हणजे अडकलेली हवा निघते. मग ती पूर्ण दाबून वरच्या काठापासून तेलापर्यंतचं अंतर मोजायचं. मोजायला सायकलच्या चाकाची तार पुरते. एकदा हा आकडा मिळाला की पुढच्या वेळी नळी खोलायची गरज नाही. त्याच आकड्याला तेल आणायचं. मी पाहिलेला सगळ्यात सुबक उपाय एका वयस्क मिस्त्रीचा होता. गुरांना टोचायच्या मोठ्या सिरिंजला त्यांनी बारीक नळी लावली होती आणि तिच्यावर हव्या त्या खोलीला दोरा गुंडाळला होता. तेल मुद्दाम थोडं जास्त घालायचं, दोरा काठाला टेकेपर्यंत नळी आत सोडायची आणि ओढायचं. वरचं सगळं तेल निघून येतं, सिरिंजमध्ये हवा आली की थांबायचं. दोन्ही बाजू केसभर फरक न पडता सारख्या.

तेल कोणतं, यावर मात्र गॅरेजात कधी एकमत झालं नाही. खास चिमट्याचं तेल दुकानात मिळत नसे, तेव्हा इंजिनाचंच घालत. इंजिन ऑइलवरचा ४० हा आकडा १०० अंश सेल्सिअसला मोजलेला दाटपणा सांगतो आणि चिमटा कधी एवढा तापत नाही. मे महिन्यात पारा ४४-४५ ला गेला की ते चालून जाई. डिसेंबरच्या पहाटे तेच तेल काकवीसारखं होई आणि खड्डा थेट मनगटात येई. माझं मत पातळ तेलाच्या बाजूनं आहे.

१९८४-८५ नंतर जपानी बनावटीच्या हलक्या गाड्या आल्या आणि जुन्या फटफट्या गोठ्याच्या कडेला लागल्या. आता त्यांना पुन्हा मान आला आहे. जुलै २०२१ च्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, आणि नंबरात व्हीए ही अक्षरं. पहिल्या येझदी आता त्या वयात आल्या आहेत. मात्र अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोलला किंवा दुरुस्तीलाच रस्त्यावर काढता येते. आठवडी बाजाराला नाही. क्रोम चकाकवून ती दिवाणखान्यात ठेवणाऱ्यांना याची अडचण नाही. ज्यांना तिच्यावरून अजून शेतावर जायचं आहे, त्यांना जुन्याच नंबरावर दर ५ वर्षांनी नोंदणी वाढवून घेण्याचा रस्ता आहे.

अशांना माझी एक विनंती आहे. मिस्त्री चिमटा खोलतील तेव्हा शेजारी उभे राहा. काठापासून तेलापर्यंत किती मिलिमीटर आणि तेल कोणतं, हे विचारा. तो आकडा टूलबॉक्सच्या झाकणावर, आतल्या बाजूनं, खिळ्यानं कोरून ठेवा.