जुन्या खेळांचें दुकान

राज्यांच्या उदयास्ताच्या कथा आपण पुष्कळ ऐकतों. आज मी एका दुकानाची कथा सांगणार आहें, आणि तीही मुलांच्या वापरलेल्या खेळांच्या दुकानाची. श्रोत्यांनीं हंसूं नये. या क्षुल्लक दिसणाऱ्या व्यापारांत एक मोठा प्रश्न गुंतलेला आहे. विकत घेतलेली वस्तु खरोखर कोणाची?

१९८५ नंतर अमेरिकेंत जपानच्या निंटेंडो कंपनीचें खेळयंत्र घरोघर शिरलें. तें दूरचित्रवाणीच्या संचास जोडावयाचें, आणि प्रत्येक खेळाची प्लास्टिकची निराळी डबी त्यांत बसवावयाची. या डब्या महाग. आणि खेळ एकदां शेवटास नेला कीं मुलाचें मन त्यावरून उडालेंच. मिनेसोटा राज्यांतील डेव्हिड पोमिजे या गृहस्थांनीं हें हेरलें. १९८८ च्या सुमारास त्यांनीं खेळून झालेल्या डब्या विकत घेऊन टपालानें स्वस्तांत विकण्यास आरंभ केला. पुढें 'फंकोलँड' या नांवाचीं दुकानें निघालीं. तेथें शेंकडों खेळांचे भाव छापलेला वर्तमानपत्री कागद गिऱ्हाइकास मिळे, आणि कोणताही खेळ घेण्यापूर्वीं यंत्रावर खेळून पाहतां येई. १९९१ त कंपनीनें 'गेम इन्फॉर्मर' हें नियतकालिकही काढलें. जुन्या क्रमिक पुस्तकांचा व्यवहार ज्यांनीं पाहिला आहे त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. नवल आहे तें भावाच्या उघडेपणाचें.

या व्यापारास कायद्याचा भक्कम आधार होता. एका अमेरिकन प्रकाशकानें आपल्या कादंबरीवर छापलें होतें कीं, एक डॉलरहून कमी किमतीस ती विकणें हा स्वामित्वहक्काचा भंग समजला जाईल. मेसी या प्रसिद्ध दुकानानें ती ८९ सेंटांस विकली. १९०८ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, पहिल्या विक्रीबरोबर प्रकाशकाची ही सत्ता संपते. मुलानें आपली डबी दुकानांत विकावी ती याच न्यायाच्या बळावर.

२००० सालीं बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्रेत्या कंपनीनें फंको सुमारें १६ कोटी डॉलरांस घेतली. दुकानें 'गेमस्टॉप' या नांवांत विलीन झालीं आणि पुढें त्या नांवाच्या दुकानांची संख्या ७,००० वर गेली. नव्या खेळावर ढोबळ नफा शेंकडा २० च्या आसपास, तर जुन्यावर ४५ हून अधिक! मुलाच्या हातीं मात्र थोडेंच पडे. माझ्या मतें धंद्याची पत येथूनच उतरूं लागली. निर्मात्यांसही हा व्यवहार खुपे, कारण फेरविक्रींतून त्यांस छदामही मिळत नसे. २०१३ त मायक्रोसॉफ्टनें नव्या यंत्रावर वापरलेल्या खेळांस बंधनें घालण्याचें जाहीर केलें. पण लोकांनीं असा गिल्ला केला कीं, जून महिन्यांतच तीं मागें घ्यावीं लागलीं.

जें हुकमानें साधलें नाहीं तें सोयीनें साधलें. खेळ इंटरनेटवरून थेट यंत्रांत उतरूं लागला. डबी नाहीं, तबकडी नाहीं. पैसे देऊन मिळतो तो केवळ वापरण्याचा परवाना, आणि परवाना दुकानांत नेऊन विकतां येत नाहीं. २०१८ च्या व्यापारी वर्षांत गेमस्टॉपनें ६७ कोटी डॉलरांचा तोटा दाखविला, आणि पुढें दुकानें शेंकड्यांनीं बंद झालीं. २०२१ च्या जानेवारींत तिचे शेअर सट्ट्यानें आकाशास भिडले खरे, पण त्या उसळीचा दुकानाच्या गल्ल्याशीं संबंध नव्हता. फंकोलँडचें नांव तर केव्हांच पुसलें गेलें होतें. त्याची एक ठळक खूण उरली होती, ती म्हणजे 'गेम इन्फॉर्मर'. तें नियतकालिक गेमस्टॉपनें २०२४ च्या ऑगस्टांत बंद केलें. पुढल्या वर्षीं निराळ्या मालकानें तें पुन्हां सुरू केलें.