ज्वालामुखी या शब्दाचा इतिहास आणि दख्खनचा दगड

वडीगोद्री हे जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातले, गोदाकाठच्या पट्ट्यातले गाव. या भागात विहीर खणताना काळी माती संपते, मुरूम लागतो आणि मग सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण. या पाषाणातही भेद असतात. एखादा थर घट्ट व एकजीव, तर दुसरा भोकाभोकांचा आणि त्या भोकांत पांढरे चकचकीत स्फटिक बसलेले. विहिरीतून काढलेल्या अशा दगडांच्या ढिगाऱ्याकडे पाहताना आम्हा साहित्याच्या अध्यापकांना एका शब्दाविषयी शंका येते. तो शब्द म्हणजे ‘ज्वालामुखी’.

या शब्दाने एक चित्र आपल्या मनात पक्के केले आहे: उंच डोंगर, त्याचे उघडलेले मुख आणि त्यातून उसळणारी आग. आमच्या समीक्षेतही हे चित्र सर्रास वावरते. दडपलेल्या वेदनेचा ज्वालामुखी कुठल्या ना कुठल्या प्रस्तावनेत उफाळतच असतो. पण ज्या दगडावर आपण राहतो त्याचा इतिहास या चित्रात मावत नाही. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा मुख्यतः जमिनीच्या लांबलचक भेगांतून वाहत आला आणि थरावर थर पसरत गेला. आज उरलेला त्याचा विस्तारच सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर आहे. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला वेधनछिद्र घेतले तेव्हा लाव्ह्याच्या या थरांची जाडी 338 मीटर भरली. दोन थरांमध्ये काही ठिकाणी लाल मातीचा पट्टा आढळतो. एक प्रवाह थंड होऊन त्यावर माती तयार होण्याइतका काळ मध्ये गेला, याची ती खूण.

मग काही उद्रेक स्फोटक आणि काही वाहते का असतात? उत्तर केवळ उष्णतेत नाही, ते शिलारसात विरघळलेल्या वायूंत आहे. खोलवर प्रचंड दाबाखाली पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायू रसात विरघळून राहतात. रस वर येतो तसा दाब कमी होतो आणि वायूंचे बुडबुडे सुटू लागतात. रस पातळ असेल तर ते सहज निसटतात. तो दाट असेल तर अडकतात, फुगतात आणि अखेर रसाचेच तुकडे करून बाहेर पडतात. सिलिकाचे प्रमाण वाढते तसा रस दाट होतो. दख्खनच्या बेसाल्टमध्ये ते साधारण निम्मे, म्हणून तो वाहिला. विहिरीच्या दगडातली भोके म्हणजे त्या प्रवाहात थिजलेले बुडबुडे. पुढे झिरपत्या पाण्याने त्यांत झिओलाइट आणि गारगोटीचे स्फटिक भरले.

पण शिलारसात आधीच वाढणाऱ्या स्फटिकांची गोष्ट वेगळी. भूगर्भातल्या कोठीत रस थंड होऊ लागला की फेल्डस्पारासारखी खनिजे घट्ट होतात. त्यांतली बहुतेक वायूंना आपल्यात जागा देत नाहीत. त्यामुळे उरलेल्या द्रवात वायूंचे प्रमाण वाढत जाते आणि दाब न बदलताही बुडबुडे सुटू लागतात. त्याच वेळी स्फटिकांच्या गर्दीने रस दाटही होतो. कसारा घाटातल्या काही थरांत काही सेंटिमीटर लांबीचे फेल्डस्पार दिसतात. ते बाहेर येण्यापूर्वी कोठीतच वाढलेले.

शब्दाने मनात रुजवलेले चित्र अभ्यासकांनाही चकवते, याचे उदाहरण शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात आहे. लोणारचे सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे गोल विवर पाहून एकोणिसाव्या शतकातील भूशास्त्रज्ञांनी ते ज्वालामुखीच्या स्फोटाने झाले असे मानले. मुख तर समोर दिसतच होते! पण त्या मुखातून निघालेला नवा लाव्हा भोवताली कुठेही नव्हता, विखुरले होते ते जुन्या पाषाणाचेच तुकडे. 1973 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, विवराच्या तळातून काढलेल्या खडकात प्रचंड आघातानेच होणारी फेल्डस्पारची काच आढळल्याचे दाखवण्यात आले. लोणार हे अशनीच्या आघाताचे विवर होते. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कालमापनानुसार ते सुमारे 5 लाख 70 हजार वर्षांचे, म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याहून कितीतरी तरुण.

ज्याला मुख होते तो ज्वालामुखी नव्हता आणि ज्याने महाराष्ट्राची भूमी घडवली त्याला बहुतांशी मुखच नव्हते. मात्र वाहता उद्रेक निरुपद्रवी असतो असेही समजू नये. 1783 मध्ये आइसलँडच्या लाकी भेगेतून आठ महिने बेसाल्ट वाहत राहिला. त्याच्या वायूंनी कुरणे विषारी केली, जनावरे मेली आणि पुढच्या दुष्काळात देशाची सुमारे पाचवा हिस्सा लोकसंख्या नाहीशी झाली. दख्खनच्या उद्रेकांतून तर याच्या कित्येक पट वायू हवेत गेले. डायनासोरांच्या विनाशात मेक्सिकोतल्या अशनीपाताच्या जोडीला त्यांचा वाटा किती, हा वाद आजही चालू आहे.

तेव्हा ‘वेदनेचा ज्वालामुखी’ असे लिहिण्यापूर्वी आपण थोडे थांबावे, असे आम्हाला वाटते. स्फोट नुसत्या धगीचा होत नाही. आत जे विरघळून राहिले आहे त्याला वाट मिळत नाही आणि भोवतालचा रस घट्ट होत जातो, तेव्हा तो होतो. एखाद्या लेखकाच्या विद्रोहाविषयी बोलताना धग मोजण्याऐवजी त्याच्या वाटा कुणी आणि कशा बंद केल्या, हे विचारणे अधिक उपयोगाचे ठरेल. आणि ज्यांनी स्फोट न करता थरावर थर लिहीत नेले, त्यांच्या लेखनातही वायू होता. तो शोधायचा तर त्यांच्या वाक्यांमधली भोके पाहावी लागतील.